इन्स्टंट फिल्म : कॅमेरे जुने, रसायन नवं

पोलरॉइडच्या इन्स्टंट कॅमेऱ्यात आज जी चौकोनी फिल्म घातली जाते, ती सत्तरच्या दशकातलीच असं अनेकांना वाटतं. आकार तोच आहे, आतलं रसायन मात्र २००८ नंतर नव्याने जुळवलेलं आहे. रंग फिके का पडतात, फोटो बाहेर येताच झाकावा का लागतो, याची उत्तरं त्या जुळवाजुळवीत सापडतात.

आधीचा इतिहास थोडक्यात. पहिला इन्स्टंट कॅमेरा १९४८ साली विक्रीला आला, सोलून काढायची (म्हणजे फोटो निगेटिव्हपासून हाताने सोलून वेगळा करायची) रंगीत फिल्म १९६३ मध्ये, आणि १९७२ मध्ये एसएक्स-७० या कॅमेऱ्यासोबत सगळे थर एकाच चौकटीत बंद असलेली फिल्म आली. फोटो बाहेर पडताना दोन रोलर पांढऱ्या पट्टीतली रसायनाची पुडी फोडतात आणि लेप थरांमध्ये पसरवतात. पण फोटो भर उजेडात येतो तेव्हा आतलं निगेटिव्ह अजून संवेदनशील असतं. म्हणून मूळ लेपात टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या द्रव्याच्या जोडीला खास रंगद्रव्यं होती. तीव्र अल्कलीत ती गडद राहून उजेड अडवत. आतल्या आम्लाच्या थराने अल्कली शमवली की ती पारदर्शक होत आणि चित्र दिसू लागे.

२००८ च्या फेब्रुवारीत ही फिल्म बंद करण्याची घोषणा झाली. नेदरलँड्समधल्या एन्शेडे इथल्या कारखान्याची यंत्रं काही जणांनी विकत घेऊन वाचवली. तोवर कित्येक घटकांचं उत्पादनच थांबलं होतं, त्यामुळे जुनी कृती हाती असूनही जुनी फिल्म बनवणं शक्य नव्हतं. मार्च २०१० मध्ये नवी कृष्णधवल फिल्म बाजारात आली, ती अर्धवट अवस्थेत.

अर्धवट फिल्म विकण्याचा हा निर्णय खूप गाजला. नवा लेप उजेड पुरेसा अडवत नव्हता. फोटो बाहेर येताक्षणी झाकला नाही तर पांढुरका पडे. लोक पॅकवरचा काळा पुठ्ठा कॅमेऱ्याच्या तोंडाशी चिकटवून आडोसा करत. आत ओल अडकली तर पुढे स्फटिक वाढून चित्र खाऊन टाकत, म्हणून फोटो सिलिका जेलसोबत बंद डब्यात सुकवावे लागत. फिल्म जाड झाल्याने पॅकमध्ये १० ऐवजी ८ फोटो मावू लागले. ग्राहकांकडून पैसे घेऊन त्यांच्यावरच प्रयोग केले, ही तक्रार चुकीची नव्हती. तरीही विक्रीतून आलेल्या पैशाशिवाय पुढचं संशोधन चाललं नसतं, आणि जुना साठा संपताच ते कॅमेरे शोभेची वस्तू झाले असते.

लेप पुढे बराच सुधारला, तरी पहिल्या काही सेकंदांचा आडोसा अजून लागतो. फोटो उलटा ठेवून कृष्णधवलला सुमारे १०, रंगीतला १५ मिनिटं द्यावीत. तापमान १३ ते २८ अंश सेल्सिअस हवं. थंडीत चित्र फिकं आणि हिरवट येतं, उष्म्यात पिवळट किंवा लालसर. थंडीत फोटो लगेच आतल्या खिशात ठेवावा. पॅक फ्रिजमध्ये ठेवावा, पण गोठवू नये. फोटो झटकू नये, थर सुटू शकतात. सारख्या अंतरावर डाग पडत असतील तर रोलरवर लेप वाळलेला असतो; ओल्या फडक्याने रोलर पुसावेत. एसएक्स-७० मध्ये ६०० या दुसऱ्या पोलरॉइड मालिकेची फिल्म घातली तर तिच्यावर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त प्रकाश पडतो, कारण एसएक्स-७० च्या फिल्मचा आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) १६० आणि ६०० च्या फिल्मचा ६४०.

साध्या रोलवर ही वेळ आली नाही. त्याचं रसायन फिल्मबाहेर असतं. रंगीत निगेटिव्ह धुण्याची १९७२ चीच सी-४१ प्रक्रिया आजही ३७.८ अंशांवर, डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) ३ मिनिटं १५ सेकंद, अशी चालते. कोडॅकच्या एक्टाक्रोम या स्लाइड फिल्मची ई-६ प्रक्रियाही टिकून होती, म्हणूनच ती २०१८ मध्ये परतू शकली. कोडाक्रोम या कोडॅकच्याच दुसऱ्या स्लाइड फिल्ममध्ये मात्र रंग घडवणारी द्रव्यं नसत, ती धुलाईच्या वेळीच मिसळली जात. शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं आणि उरलेले रोल रंगीत धुण्याची सोय संपली.

सोलून काढायच्या फिल्मचं काय झालं तेही पाहावं. तिचा शेवटचा मोठा प्रकार बंद होत असल्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. यंत्रं वाचवण्याचे प्रयत्न झाले, पण त्यांना यश आलं नाही. आज त्या कॅमेऱ्यांसाठी बहुतेक जुना, मुदत संपलेला साठाच शोधावा लागतो, आणि त्यातल्या पुड्या बऱ्याचदा आतच सुकलेल्या निघतात.