व्हायोलिनचा जर्मन गज

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील फोग्टलांट भागात, मुख्यतः मार्कनॉयकिर्शेन या छोट्या गावात, एकोणिसाव्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत घडवल्या गेलेल्या व्हायोलिनच्या गजांना, म्हणजे तारांवर फिरवायच्या केस ताणलेल्या काठ्यांना, जुने जर्मन गज म्हणून ओळखतात. बोहेमियातून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या व्हायोलिनकारांनी १६७७ मध्ये येथे आपला संघ स्थापन केला आणि पुढे गज घडवणे हा वेगळा कसब म्हणून वाढला. येथील वाद्यांचा व्यापार इतका फोफावला, की १८९३ मध्ये अमेरिकेने या आडगावी आपली वाणिज्य कचेरी उघडली.

गजाचे रूप मात्र मूळचे फ्रेंच आहे. पॅरिसच्या फ्रांस्वा टूर्त याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जो आत वळलेला बाक रूढ केला, तोच जर्मन कारागिरांनी स्वीकारला. लाइपझिगचा लुडविग बाउश (१८०५–७१) हा त्यांतला आद्य नामांकित होय. हेर्मान रिखार्ड फ्रेट्श्नर (१८५६–१९२१) पॅरिसला प्रसिद्ध व्हायोलिनकार व्हीयोमच्या कर्मशाळेत शिकून आला, तर ऑटो होयर फ्रेंच गजकार सार्तोरीच्या हाताखाली तयार झाला. क्नोफ आणि न्यूर्नबर्गर या घराण्यांत हे काम पिढ्यानपिढ्या चालले.

उत्तम गजाची काठी ब्राझीलच्या पर्नांबुको लाकडाची असते. आपल्याकडे ज्याच्या गाभ्यापासून तांबडा रंग काढतात, त्या पतंग वृक्षाचा हा नातलग. पर्नांबुकोही युरोपात आधी रंगासाठीच जात असे. लाकूड जड, लवचिक आणि सरळ रेषांचे लागते. काठी रंध्याने सरळ तासून, मग आचेवर थोडीथोडी तापवत तिला बाक दिला जातो. तासूनच बाक काढला, तर रेषा तुटतात आणि काठी कमकुवत होते. सुमारे ७४ सेंमी. लांबीची ही काठी टोकाकडे निमुळती होत जाते, आणि सगळा जमलेला गज जेमतेम ६० ग्रॅम भरतो. कारागिराची परीक्षा होते ती येथे, कारण रंध्याचा एक जादा हात फिरला तरी तोल ढळतो. मुठीकडील आबनुसाच्या फ्रॉगमध्ये (केस धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यात) शिंपल्याची टिकली बसवतात. जोडकाम चांदीचे किंवा स्वस्त गजांत जर्मन सिल्व्हरचे असते. घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस मळसूत्राने ताणले जातात.

काठीवर ठोकलेल्या नावाच्या ठशांवरून गज ओळखण्यात मात्र फसगत होते. फोग्टलांटमध्ये बरेचसे काम घरोघरी चाले. एक जण काठ्या, दुसरा फ्रॉग करी, आणि व्यापारी ते गोळा करून गिऱ्हाइकाला हवे ते नाव ठोकत. म्हणून ‘टूर्त’ किंवा ‘व्हीयोम’ असा ठसा असलेले असंख्य गज प्रत्यक्षात जर्मन आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे साधेच आहेत. ‘जर्मनी’ हा शब्द ठोकलेला असेल, तर तो गज बहुधा १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानंतरचा समजावा. आयात मालावर उगमदेशाचे नाव त्या कायद्याने सक्तीचे केले. जाणकार म्हणूनच ठशाआधी टोकाचा घाट, काठीचा तोल आणि लाकडाची प्रत पाहतात.

अति तोडीमुळे पर्नांबुको वृक्ष धोक्यात आल्याने २००७ पासून त्याच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. जुन्या गजांच्या टोकाला अनेकदा हस्तिदंताची पट्टी असते. असा गज परदेशी नेताना तिच्यासाठीही परवानगी लागू शकते.