टेकूंवर उभी मुंबई: भेंडीबाजाराच्या पुनर्विकासामागची सव्वाशे वर्षं

भेंडीबाजारातल्या जुन्या इमारतीचा जिना चढताना हात आपोआप मधे सोडलेल्या जाड दोरखंडाकडे जातो. पायऱ्या लाकडी, पावलांनी झिजून खोलगट झालेल्या. वर खोलीच्या कोपऱ्यात मोरी, मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. इमारतीचं दुखणं तिथेच सुरू होतं. पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरतं आणि तुळईचं जे टोक विटांत बसवलेलं असतं, तेच आधी कुजतं. बाहेरून रंग दिलेला, आत लाकडाचा भुसा. मग लोखंडी टेकू लागतात, आणि एकदा लागले की ते निघत नाहीत.

ही वस्ती एका दिवसात अशी झाली नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये इथून जवळच मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळच्या गोव्यातल्या हडफड्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. साथीने शहर हादरलं आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याचा उपाय सरळ होता: दाटीची घरं पाडायची आणि रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत घ्यायचा. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच. पुढे दादर-माटुंग्याला ऐसपैस भूखंडही पडले. पण ज्यांची खोली रस्त्यात गेली त्यांना ते भूखंड कुठून परवडणार? बाजाराशी पोट बांधलेली ही माणसं शेजारच्या गल्लीतच शिरली आणि तिथली दाटी आणखी वाढली.

ही चूक त्या काळातच एकाने दाखवून दिली होती. १९१४ मध्ये भारतात आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस सांगत होते, की जुन्या वस्तीवर नांगर फिरवू नका. मोजकी पडकी घरं काढा, विहीर, झाड, देऊळ राखा, मोकळी जागा जोडत न्या. त्याआधी गल्लीत पायी हिंडा, माणसं कशी राहतात ते बघा. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झालेले गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच वर्गात बसले होते. विद्यापीठाने गेडिसना खुर्ची दिली, शहराने त्यांचं ऐकलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई वाढली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. कायद्याचा हेतू रास्त होता, त्याच्याविना गिरगावापासून लालबागपर्यंतची हजारो मराठी कुटुंबं शहरात टिकली नसती. पण भाडं गोठलं आणि सिमेंट-लोखंडाचे भाव वाढत राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने पागडी, म्हणजे खोली मिळवताना द्यावी लागणारी एकरकमी रक्कम, मोजलेली असल्याने तो खोली सोडेना. पावसाळ्यात इमारती पडू लागल्या.

तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं. इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ही व्यवस्था. उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. त्यातल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे आज पंचाऐंशी वर्षांच्या पुढच्याच. दुरुस्तीने आयुष्य वाढलं, पण किती वाढणार? १९८६ मध्ये म्हाडा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं: मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन रहिवाशांच्या सोसायटीने इमारत घ्यावी. मालक कोर्टात गेले. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला नोव्हेंबर २०२४ मध्ये.

दरम्यान एकेक इमारत बिल्डरला देऊन तिच्या जागी मनोरा उभारण्याची वाट रुळली होती. माझ्या मते खरी फसगत इथे झाली. भूखंड तीन-चारशे चौरस मीटरचा, गल्ली तेवढीच अरुंद, गटार आणि जलवाहिनी जुनीच. वरती माणसं आणि गाड्या वाढल्या, पण अग्निशमन दलाचा बंब वळायला जागा नाही. घर सुधारलं, मोहल्ला होता त्याहून कोंदला.

म्हणून २००९ च्या समूह पुनर्विकासाच्या नियमाला महत्त्व आहे. किमान चार हजार चौरस मीटर जागा एकत्र आणा, चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम, घ्या, आणि रस्ते, गटारं, मोकळ्या जागा एकदमच आखा. त्याच वर्षी दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबं, १,२५० दुकानं एवढा पसारा. हीच ती वस्ती जिच्या नावाने गाण्याचं घराणं ओळखलं जातं. गोव्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर याच घराण्याचे उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे शिकल्या.

प्रत्येक मालक, प्रत्येक भाडेकरू यांना राजी करायचं आणि काम चालेपर्यंत त्यांची सोय दुसरीकडे लावायची, यात वर्षं गेली. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी, मुंबई पावसातून सावरत असताना, पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. तेहेतीस माणसं गेली. इमारत याच योजनेतली होती. काही कुटुंबं आधीच हलली होती, काही अजून तिथेच होती.

त्यानंतर पहिल्या टप्प्यातले दोन मनोरे पुरे झाले आणि जुने रहिवासी मालकी हक्काच्या घरांत परतले. ज्याचं नाव भाडेकरू म्हणून नोंदलेलं, त्याला किमान साडेतीनशे चौरस फूट. पण या गल्ल्यांत रात्री दुकानाच्या माळ्यावर झोपणारे कारागीर आहेत, हातगाडीवाले आहेत, पिढ्यान्‌पिढ्या पोटभाड्याने राहणारे आहेत. दुरुस्ती मंडळाच्या पात्रता यादीत त्यांना रकाना नाही. दक्षिण मुंबईतल्या बाकीच्या जुन्या मोहल्ल्यांच्या योजना याच नियमावर आखल्या जात आहेत, आणि हा रकाना त्यांतही नाही.