बँकॉकमधला फ्लॅट आणि 'थाई बायको लागते' वाली थाप
थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर फ्लॅट होतच नाही, थाई बायको नाहीतर कंपनी लागते, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. अहो, ते जमिनीचं! १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्याखालच्या (म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा थाई कायदा) बिल्डिंगमध्ये परदेशी माणूस स्वतःच्या नावावर, कायमच्या मालकीने युनिट घेऊ शकतो, फक्त बिल्डिंगमधल्या सगळ्या युनिट्सच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपेक्षा जास्त परदेशी लोकांकडे चालत नाही (क्षेत्रफळाच्या, फ्लॅटच्या संख्येच्या नाही, इथे भलेभले फसतात). हा ४९ टक्क्यांचा कोटा भरला असेल तर एजंट गोडगोड बोलून ३० वर्षांचा लीज गळ्यात मारतो, ती मालकी नव्हे. आणि पैसे बाहेरूनच परकीय चलनात पाठवा, बँकेचा तसा कागद घ्या, त्याशिवाय लँड ऑफिसात नाव लागणं अवघड. व्हिसा मात्र वेगळा काढायचा, फ्लॅट घेतला म्हणून तो आपोआप मिळत नाही.