हेल्थ सप्लिमेंटचं ऑनलाइन लिस्टिंग आणि आरोग्यविषयक दावे (भारत)

प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन, फिश ऑइल, कोलॅजेन वगैरे अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या मार्केटप्लेसवर विकताना टायटल, फोटो, बुलेट पॉइंट आणि डिस्क्रिप्शनमध्ये तब्येतीबद्दल काय म्हणायचं आणि काय नाही, हे सांभाळायचं काम. भारतात सप्लिमेंट म्हणजे कायद्याने अन्न, औषध नाही (२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २२), आणि सगळी भानगड इथूनच सुरू होते, कारण घेणाऱ्याच्या डोक्यात ती गोळी औषधच असते आणि विकणाऱ्यालाही ते सोयीचं असतं.

मुख्य नियम एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे. न्यूट्रास्युटिकलचे (सप्लिमेंटसारख्या, आरोग्यासाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या अन्नाचे) २०१६ चे रेग्युलेशन १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, जाहिरात आणि दाव्यांचे २०१८ चे रेग्युलेशन १ जुलै २०१९ पासून. डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ छापावं लागतं. ‘हाडांसाठी कॅल्शियम गरजेचं’ हे चालतं, ‘संधिवात बरा होतो’ हे अजिबात नाही. मधल्या पट्ट्यात, म्हणजे आजाराचा धोका कमी होतो असं म्हणायचं तर ठरावीक मंजूर वाक्यंच वापरायची, यादीबाहेरचं काही हवं असेल तर आधी परवानगी. ‘डॉक्टरांनी सुचवलेलं’ हेही नाही, पांढऱ्या कोटातला मॉडेल उभा करून तेच सुचवणं म्हणजे पळवाटच.

मराठीत लिस्टिंग लिहिताना गोची वेगळीच आहे, आपल्याकडे एक ‘वर’ लावला की अन्नाचं औषध होतं. गुडघेदुखीवर, शुगरवर, केसगळतीवर. इंग्रजीत सपोर्ट, मेंटेन असे गुळमुळीत शब्द घालून लोक सुटतात, तेच मराठीत करताना माणूस (किंवा मशीन ट्रान्सलेशन) सहज ‘गुडघेदुखीवर उपाय’ लिहून जातं आणि साधं वाक्य आजाराचा दावा बनतं. डायबेटीस, कॅन्सर, लठ्ठपणा हे तर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीतलेच आजार (ज्यांवरच्या उपचाराची जाहिरातच करता येत नाही असे), तिथे नुसतं नाव घेतानाही दहादा विचार करावा.

दावा फक्त वाक्यात असतो असंही नाही. कॅटेगरीसुद्धा दावा ठरू शकते: एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की माल्ट आणि दुधाची पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ खाली ठेवू नका, कारण कायद्यात हेल्थ ड्रिंकची व्याख्याच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नावाची पाळी आली, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या साखरेच्या पेयांनी ब्रँडनावात ‘ओआरएस’ (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं द्रावण) वापरायचं नाही असा आदेश निघाला. सप्लिमेंटवाल्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच की नाव, चित्र, मागे लपवलेले सर्च कीवर्ड हे सगळं लिस्टिंगमध्येच मोजलं जातं. ‘डायबेटीस’ हा शब्द ग्राहकाला दिसत नाही म्हणून कीवर्डात कोंबणं ही जुनी आणि वाईट युक्ती.

मार्केटप्लेस स्वतःचे नियमही लावतात आणि ते बऱ्याचदा कायद्यापेक्षा कडक असतात, शिवाय पहिली चाळणी सॉफ्टवेअरची. त्याला शब्द दिसतो, संदर्भ नाही. म्हणजे ‘मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून घ्यावं’ ही सूचनासुद्धा अडकू शकते, मग लिस्टिंग बंद, स्टॉक गोदामात पडून आणि सेलर अपील लिहीत बसलेला. अशा वेळी एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर, लेबलचे स्पष्ट फोटो आणि लॅब रिपोर्ट हाताशी असले तर बोलता येतं. आणि लायसन्स कुठलं तेही बघायचं, कारण अश्वगंधा अन्न म्हणूनही विकली जाते आणि आयुष लायसन्सवर आयुर्वेदिक औषध म्हणूनही, दोघांची भाषा एकमेकांत मिसळली की संपलं.

दंडाचं म्हणाल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पहिल्यांदा १० लाख आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

रिव्ह्यूचा मुद्दा राहिलाच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ग्राहक बनून रिव्ह्यू टाकता येत नाही. खऱ्या ग्राहकाने ‘माझी शुगर उतरली’ लिहिलं तर ते त्याचं मत, पण तोच स्क्रीनशॉट सेलरने प्रॉडक्टच्या फोटोंमध्ये लावला की तो दावा सेलरचा झाला.