‘आदिवासी दवाखान्यात टिकत नाहीत’ म्हणे!

“आदिवासींना भगत (मांत्रिक-वैदू) प्यारा. शिबिराला एकदा येतात, पुन्हा फिरकत नाहीत.” हे पालुपद वर्षानुवर्षं चालू आहे. गडचिरोलीत डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गोंड लोकांनाच कारण विचारलं. भल्यामोठ्या इमारतीत जीव दडपतो, सोबतच्या माणसांना थांबू देत नाहीत, असं उत्तर आलं. तक्रार औषधाबद्दल नव्हतीच! मग शोधग्रामात, म्हणजे संस्थेच्या आवारात, झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला, नातेवाइकांच्या मुक्कामाच्या सोयीसह. नाव आदिवासींच्या देवीचं, दंतेश्वरी मातेचं. नवजात बाळांसाठी तर उपचारच घरी गेले. 39 गावांत (आदिवासी-बिगरआदिवासी मिश्र वस्तीची, हे सांगायलाच हवं) गावातल्याच प्रशिक्षित बाया घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या. तिसऱ्या वर्षी 93 टक्के बाळांना ही सेवा मिळाली. हजारी नवजात मृत्युदर 62 वरून सुमारे 25 वर आला.