विंडोजच्या मक्तेदारीची पार्श्वभूमी

कुडाळ, कणकवली किंवा चिपळूण येथे एमएस-सीआयटीच्या वर्गात बसलेला विद्यार्थी संगणक शिकतो म्हणजे बहुतांशी विंडोज, वर्ड आणि एक्सेल शिकतो, आणि पुढे नोकरीतही त्याला तेच भेटतात. हे केवळ उत्पादनाच्या गुणवत्तेमुळे घडले असे मानणे अपुरे ठरेल. ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या वर्चस्वाचे मूळ तिच्या परवाना करारांत आहे.

बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ मध्ये ही कंपनी स्थापन केली. आयबीएम या संगणक कंपनीला आपल्या वैयक्तिक संगणकासाठी कार्यप्रणाली (संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) हवी होती, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सिएटलमधील एका छोट्या कंपनीची तयार प्रणाली विकत घेतली, तिच्यात बदल केले आणि १९८१ मध्ये ती आयबीएमला पुरवली. मात्र तीच प्रणाली इतर उत्पादकांना देण्याचा हक्क स्वतःकडे राखला. पुढचा बहुतेक इतिहास या एका अटीतून निघाला, असे मला वाटते. आयबीएमच्या धर्तीचे संगणक बनवणारे वाढत गेले आणि त्यांच्याबरोबर ही प्रणाली, म्हणजे एमएस-डॉस, व नंतर विंडोज सर्वत्र पोहोचली. काही करारांत तर उत्पादकाने विकलेल्या प्रत्येक संगणकामागे, त्यात डॉस असो वा नसो, शुल्क भरायचे असे ठरलेले होते. साहजिकच प्रतिस्पर्ध्याची प्रणाली घेणाऱ्याला दुहेरी खर्च सोसावा लागे. अमेरिकी न्याय विभागाशी १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीने ही पद्धत थांबली, पण तोवर बाजार कंपनीच्या मुठीत आला होता.

खरा संघर्ष ब्राउझरवरून पेटला. नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरला शह देण्यासाठी कंपनीने आपला इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजशी जोडून फुकट दिला, आणि मे १९९८ मध्ये न्याय विभाग व अनेक राज्यांनी खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये तो रद्द केला, तरी मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा निष्कर्ष कायम ठेवला; ही दुसरी बाब अनेकदा विसरली जाते. त्याच वर्षी सरकारशी तडजोड झाली. युरोपीय आयोगाने विंडोजला मीडिया प्लेयर जोडून देण्यासह इतर कारणांवरून २००४ मध्ये सुमारे ४९.७ कोटी युरोंचा, तर ग्राहकांना ब्राउझर निवडू देण्याचे आश्वासन न पाळल्याबद्दल २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

या लढ्यांच्या काळात मराठीचा प्रश्न वेगळाच होता. विंडोज २००० मध्ये युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेत देणारी पद्धत) देवनागरी आणि मंगल फॉन्ट येईपर्यंत मराठी मजकुरासाठी श्रीलिपीसारखी स्वतंत्र सॉफ्टवेअर घ्यावी लागत, आणि प्रत्येकाची अक्षरसंकेतने निराळी असत. म्हणूनच त्या काळात डीटीपीच्या दुकानात टाइप केलेली लग्नपत्रिका किंवा ग्रामपंचायतीची नोटीस मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची गर्दी दिसते. युनिकोडने ही अडचण मुळापासून सोडवली, याचे श्रेय मायक्रोसॉफ्टलाही द्यायलाच हवे.

तथापि एकाच कंपनीवर विसंबण्याची किंमत आजही मोजावी लागते. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था असल्याने चालू स्थितीतील कित्येक जुने संगणक अधिकृतपणे त्यावर नेता येत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांनी लिनक्सवर आधारित मुक्त (कोणालाही वापरता व बदलता येणारी) प्रणाली बरीच वर्षे आधी स्वीकारली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील शाळांनी नवे संगणक घेण्यापूर्वी तो पर्याय गांभीर्याने तपासावा.