बेळगावकडच्या पोरांच्या हाती ज्ञानाची पुस्तकं आली कुठून

बेळगावजवळच्या कडोली गावच्या साहित्य संमेलनात मागं एकदा बघितलेलं, आत मंडपात कविसंमेलन रंगलंय आणि बाहेर पुस्तकांच्या स्टॉलसमोर सातवी-आठवीतला एक पोरगा उकिडवा बसून धूमकेतूंवरचं पुस्तक वाचतोय, आई दोनदा हाक मारून गेली तरी उठेना, शेवटी स्टॉलवाले काकाच म्हणाले, राहू दे ओ वहिनी, वाचू दे त्याला. तेव्हापासून मला वाटतंय की ही पुस्तकं आपल्या भागात पोचली कशी ते एकदा नीट लिहायलाच पाहिजे.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, म्हणजे पुण्याच्या नगर वाचन मंदिराच्याच वर्षातलं. त्याच्या आठ वर्षं आधी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दिग्दर्शन' मासिक काढलेलं, आणि त्यात भूगोल, इतिहास, रसायन सगळं एकाच अंकात यायचं, शास्त्र वेगळं नि इतिहास वेगळा असली भिंत त्या लोकांनी घातलीच नव्हती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या मातीतलं उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म गुर्लहोसूरचा, 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, 1910 ला कुंडलजवळ किर्लोस्करवाडी. आणि त्याच वाडीतून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याचं पत्रक म्हणून सुरू झालं आणि बघता बघता घराघरातलं मासिक झालं. त्याच दशकात श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश, 23 खंड, आणि हे काम त्यांनी सरकारच्या नाही तर वर्गणीदारांच्या जिवावर उभं केलं!

1946 चं मराठी साहित्य संमेलन बेळगावातच झालं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथलाच. पण 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि मग मराठीत ज्ञानाचं जे मोठं काम झालं, 1966 ला सुरू झालेली मराठी विज्ञान परिषद ही संस्था, वाईचा विश्वकोश (पहिला खंड 1976), ते सगळं सीमेपलीकडं. ते इकडं आणलं ते वाचनालयांनी आणि गावच्या संमेलनांनी. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, शेतकऱ्यांची गावं ही, पण सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं, पुढं लेझीम, बायका डोक्यावर कळस घेऊन, अख्खं गाव पुस्तकामागनं चालतं, आणि दिंडी मंडपात पोचली की लोक सरळ स्टॉलकडं वळतात.

कादंबऱ्या नि चरित्रं भरपूर असतात तिथं. विज्ञानाची मात्र एका कोपऱ्यात आठ-दहा. विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो हे खरं, पण तो पोरगा काही शोधायला आलाच नव्हता, पुस्तक समोर दिसलं म्हणून तिथं बसला.